वहिनींचं वजन किती धरायचं?

मोटरसायकल पडते तेव्हा आवाज अगदी शेवटी होतो. त्याआधी जे घडतं ते फार शांतपणे आणि सावकाश घडतं. टेक्सासात, शुगर लँडमधल्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये माझी गाडी पडली, तेव्हा तिने पडायला इतका वेळ घेतला की तेवढ्यात मला माझी मुंज, लग्न, ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आणि पहिल्या घराच्या खरेदीच्या सह्या असं सगळं ओळीने आठवून झालं, आणि तरी गाडी अजून अर्ध्यातच होती.

झालं होतं एवढंच, की एका बाईंची कार्ट समोर आली, मी ब्रेक मारला आणि उजवा पाय खाली टाकला. खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण माझ्या बुटाच्या टोकापासून चांगली बोटभर लांब, कारण पावसाचं पाणी जायला तिथे लॉट उतरता केलेला. माझी गाडी टूरिंगची, लांबच्या प्रवासाची. पुढे काच, दोन्ही बाजूंना कपाटाएवढे डबे, मागे पाठीला टेकायला उशी. तिचं वजन विचारू नका. एका ट्रक-स्टॉपवरचा वजनकाटा तिला बघून बंद पडला होता. अशी गाडी एका ठराविक मर्यादेपलीकडे कलली की मग ती तुमची राहत नाही, पृथ्वीची होते. तुम्ही हँडल धरून फक्त निरोप द्यायचा.

मागे बसलेली माझी बायको मात्र, एस.टी.च्या लाल गाडीतून स्टॉप आल्यावर उतरावं तशी, पिशवी सांभाळत खाली उतरली. गाडी पडल्यावर तिने आधी आंब्यांची पेटी बघितली, मग मला.

"लागलं का?"

"नाही."

"बरं. आंबे ठीक आहेत."

अख्खं दुकान बाहेर आलं. "काका, आर यू ओके?" असं मला इतक्या लोकांनी विचारलं की मला खरंच काहीतरी झालं असावं असं वाटायला लागलं. तीन सॉफ्टवेअरवाले आणि एक गुजराती आजी यांनी मिळून गाडी उभी केली. खरा जोर आजीचा होता.

दोष गाडीचा नव्हता. घेतली तेव्हा माझे पाय टेकत होते. टाचा नाही, पण चवडे तरी. पण वयाबरोबर माणूस आखूड होतो, मोटरसायकल होत नाही. मी एके काळी पाच फूट पाच इंच होतो. हल्ली पाच फूट चार आणि थोडी आशा.

आता गाडी विकून का टाकली नाही, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप वेडेपणाचा वाटेल.

घरात आम्ही दोघं बोलत नाही. भांडण नाही हो. विषय संपलेत. "दूध आणायचंय." "उद्या गार्बेजचा दिवस." एवढ्यावर आमचा आठवडा निभतो. मुलगी क्युपर्टिनोला, तिचा फोन आला की त्यावर आम्ही दोघं तिच्याशी बोलतो, एकमेकांशी नाही. पण हेल्मेटमध्ये इंटरकॉम बसवला आणि चमत्कार झाला. शुगर लँडचे सिग्नल मागे पडले, दोन्ही बाजूंना शेतं लागली की माझ्या कानात ही बोलायला लागते. सांगलीचं होस्टेल, मेसचं वरण, तिच्या मावशीच्या लग्नात पळून गेलेला आचारी. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि या बाईला इतकं काही सांगायचं होतं, हे मला साठीनंतर, ताशी साठ मैल वेगाने कळलं. कधी कधी तर ती गाते. ती गाते हे तिच्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नाही. मागची सीट गेली तर हे सगळं गेलं, आणि मग दूध आणि गार्बेज.

तर त्या दिवशी घरी परत येताना इंटरकॉमवर निकाल लागला.

"गाडी खाली आणा. तुमचे पाय टेकले पाहिजेत."

"आणतो."

"पण माझी कंबर तुम्हाला माहितीये. मला जर धक्के बसले ना, एक दिवस बघेन आणि उतरेन. मग तुम्ही, तुमची गाडी आणि तुमचं टेक्सास."

ती हे रागाने म्हणाली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. ती ते अगदी मायेने म्हणाली.

घोळ असा आहे की या दोन मागण्यांचं आपसात वैर आहे. रस्त्यातल्या खड्ड्यावर चाकाला वरखाली व्हायला जी जागा असते, तिच्यातूनच आराम येतो. आणि गाडी खाली आणायची तर नेमकी तीच जागा कापावी लागते. म्हणजे नवऱ्याच्या टाचा आणि बायकोची कंबर यांची एकाच इंचावर मालकी. तो इंच कुणाला द्यायचा?

आधी मी तो सीटमधून काढायचा प्रयत्न केला. मुलीच्या सासरच्यांनी आम्हाला थँक्सगिव्हिंगला टर्की कापायची विजेची सुरी भेट दिली होती. आमच्या शाकाहारी घरात ती बिचारी वर्षानुवर्षं बसून होती. तिने मी माझ्या सीटचा फोम कापला. सुरीने सगळ्या वर्षांचा उपवास एकदम सोडला. उरलं ते सीट नव्हतं, पाट होता, तोही खिळे वर आलेला. शेवटी नवं सीट आणून बसवलं आणि इंच जिथल्या तिथे राहिला. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, जस्ट गेट अ स्मॉलर बाइक." मी तिला म्हटलं, लहान बाइकवर तुझ्या आईला बसता येत नाही. तेव्हा मागून आवाज आला, "म्हणजे काय?" आणि मी फोन ठेवला.

हा "म्हणजे काय?" लक्षात ठेवा. पुढे तोच नडला.

शेवटी समिती बसली. आमच्याकडे ही पद्धतच आहे. कुणाचंही काही बिघडलं, वॉटर हीटर असो की जावई, शनिवारी सकाळी त्याच्या गॅरेजमध्ये जमायचं. ज्याचं बिघडलं त्याच्याकडचे पोहे. मंडळाच्या गणपतीला जेवढे लोक येत नाहीत तेवढे एका बंद पडलेल्या लॉन-मोअरला येतात. पण या वेळी मामला नाजूक म्हणून दोघांनाच बोलावलं. एक नागपूरचा, सगळी हयात तेलाच्या पाइपलाइन डिझाइन करण्यात गेलेली. दुसरे पुण्याचे, हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड, त्यांनी गाडीकडे बघितलं तेच पेशंटकडे बघावं तसं, आणि मागच्या शॉक अब्सॉर्बरला हात लावून "दुखतंय का?" असं बहुतेक विचारणारच होते.

नागपूरकराने व्हाइटबोर्ड आणला होता. कुठेही जाताना तो व्हाइटबोर्ड नेतो.

"सोप्पं आहे बे," तो म्हणाला. "मागे आखूड शॉक टाकायचा. पुढच्या चाकाचे दांडे, म्हणजे फोर्क, तेवढेच वर सरकवायचे, नाहीतर गाडी बसलेल्या उंटासारखी दिसते. आता शॉक आखूड म्हणजे दबायला जागा कमी. म्हणून स्प्रिंग बरोब्बर वजनाची पाहिजे. मऊ झाली तर तळाला आपटणार, कडक झाली तर वहिनींना दणके. सगळा खेळ वजनाचा. बोल, तुझं किती?"

मी सांगितलं. त्याने लिहिलं.

"सामान?"

सामान म्हणजे आमच्या डब्यांमध्ये ठेपले, चिवडा, थर्मास, मोटेलमध्ये भात लावायला छोटा कुकर आणि कुकर बिघडला तर म्हणून दुसरा कुकर. तेही लिहिलं.

"पिलियन?"

टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेजमधला पंखा हा एकटाच जिवंत प्राणी असतो. तोसुद्धा थबकल्यासारखा वाटला.

"म्हणजे, वहिनींचं किती धरायचं?" डॉक्टर अगदी हळू म्हणाले.

"तू विचार ना. डॉक्टर आहेस."

"अरे, क्लिनिकमध्ये विचारतो. तिथे नर्स असते."

"मग अंदाज सांग. हाडांचा माणूस ना तू?"

"हाडांचा सांगेन. बाकीचं कोण सांगणार?"

"मी काही विचारणार नाही हं," नागपूरकर म्हणाला. "मला दिवाळीला या घरी जेवायचंय."

आणि मग त्या गॅरेजमध्ये जगातला पहिला उलटा लिलाव झाला.

"पासष्ट लिहू?" नागपूरकर म्हणाला.

"पासष्ट?" डॉक्टर दचकले. "यार, काय बोलतोस! वहिनी म्हणजे... साठ. जास्तीत जास्त."

"साठ मीच म्हणणार होतो. खरं तर अठ्ठावन्न."

"पंचावन्न म्हण."

इतक्यात घराचं दार उघडलं आणि ही पोह्यांचा ट्रे घेऊन आली. डॉक्टरांच्या तोंडून एकदम, सभेत घोषणा द्यावी तसं निघालं, "बावन्न!"

"कसले बावन्न?"

"पत्ते, वहिनी. पत्त्यांचं चाललंय."

"मोटरसायकल उघडून पत्ते?"

नागपूरकराने ट्रेकडे बघत बोर्डावर पन्नास लिहिलं. "राउंड फिगर," तो पुटपुटला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. ही अजून तिथेच उभी, लिंबाच्या फोडी देत. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? पाइपलाइनचा तज्ज्ञ आणि हाडांचा तज्ज्ञ पन्नासवर आले असताना, नवऱ्याने उठून आकडा वाढवायचा?

"पन्नास बरोबर वाटतंय," मी म्हटलं आणि पोहे खाल्ले.

दुसऱ्या राज्यात एक गृहस्थ आहेत, गिऱ्हाइकाच्या वजनाबरहुकूम शॉक बनवून देतात. त्यांना फोन केला. पॅसेंजरचं वजन ऐकून ते जरा थांबले आणि त्यांनी विचारलं की हेल्मेट, जॅकेट, बूट धरून ना? मी म्हटलं, सगळं धरून. एवढं बोलल्यावर मला समजलं की माझ्या म्हणण्याप्रमाणे माझी बायको आता शाळकरी मुलगी झालेली आहे. पण शब्द तोंडून गेला होता, आणि ही सोफ्यावर बसून शेंगा सोलत होती, माझ्यापासून दोन हातांवर.

शॉक आला. तो बसवताना आम्ही तिघांनी जी शोभा केली ती सांगत नाही. पण बसला. पुढचे फोर्कही सरकले. मी गाडीवर बसलो आणि दोन्ही पाय खाली सोडले.

टाचा टेकल्या.

दोन्ही, आणि पूर्ण. मला भूगोलच नव्याने कळला. नागपूरकराने टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांनी माझे गुडघे तपासले. मी एकटाच चक्कर मारून आलो, तर गाडी अशी चालली की रस्त्यावर कुणी साय अंथरलीय. परत येऊन मी ऐटीत साइड स्टँड लावला, उतरलो आणि हात झटकले. पण गाडी खाली आली होती, स्टँड पूर्वीएवढाच लांब होता. त्यामुळे गाडी स्टँडवर कललीच नाही. शाळेतल्या सावधानसारखी ताठ उभी राहिली, जरा विचार केला आणि दुसऱ्या बाजूला गेली. तिकडे डीप फ्रीझर होता. आजही त्या फ्रीझरला पोक आहे, आणि आतला नारळाचा चव एका बाजूला सरकून गोठलेला आहे.

स्टँड आखूड करून घेतला. आणि एका रविवारी आम्ही दोघं निघालो, पश्चिमेला, हिल कंट्रीतल्या टेकड्यांच्या दिशेने.

ही पहिल्यापासून खुशीत होती. सिग्नलला माझे पाय ठामपणे टेकलेले बघून म्हणाली, "वा! आज अगदी मोठ्या माणसासारखे." फ्रीवेला लागताच तिने मावशीचं लग्न काढलं. ह्यूस्टनकडचे फ्रीवे काँक्रीटच्या लाद्यांचे, आणि दर लादीला सांधा.

"मावशीने सांगितलं होतं की, हं, आचाऱ्याला आधी, हं, पैसे देऊ नका, हं..."

प्रत्येक "हं" थेट माझ्या कानात. मी वेग कमी केला, हंमधलं अंतर वाढलं, एवढंच. फ्रीवे सोडून गावाकडचा रस्ता धरला, तर तिथे रेल्वेचे रूळ आडवे. मी जपून घेतले, नवी नवरी माप ओलांडते त्याहून जपून. तरी खालून "ठक्क" असा आवाज आला. शॉक तळाला आपटला होता. धातूवर धातू. तो आवाज मला सीटमधून, मणक्यातून, दातांतून ऐकू आला. मग तिला कुठून आला असेल!

त्यानंतर इंटरकॉममध्ये काही नाही. फक्त श्वास.

"अगं?"

श्वास.

"थांबू का?"

काही नाही. आरशात बघितलं तर हेल्मेटची काळी काच, तिच्यात आभाळ. बायको पाठीला टेकून बसलीय, तिचा श्वास माझ्या दोन्ही कानांत आहे, आणि ती कुठे आहे ते मला माहीत नाही. मागे वळता येत नाही, हात सोडता येत नाही. शॉकला हात जोडता येत नाहीत. पुढे आणखी रस्ता आहे आणि तो सगळा ठिगळांचा आहे. मला दर ठिगळ लांबूनच दिसत होतं, आणि दर वेळी मी काहीही करू शकत नव्हतो.

पहिल्या गॅस स्टेशनला थांबलो. ती उतरली, चालत गेली आणि बाहेर बर्फाच्या पिशव्यांची जी पेटी असते तिच्यावर दोन्ही हात टेकून वाकून उभी राहिली. मी पाणी आणलं. तिने घेतलं नाही. काउबॉय हॅटमधले एक आजोबा येऊन "मॅम, यू ऑलराइट?" म्हणून गेले. त्यांना तिने छान हसून उत्तर दिलं. मला नाही.

बऱ्याच वेळाने ती सरळ झाली.

"किती सांगितलंत?"

"काय किती?"

"त्या शॉकवाल्याला. माझं किती सांगितलंत?"

आता खोटं बोलायला बळच नव्हतं. "पन्नास."

मला वाटलं, आता इथूनच ती टॅक्सी बोलावणार. पण ती बर्फाच्या पेटीकडे बघत राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून मी पुढे झालो. ती हसत होती. कंबर धरून, कळ येत असताना, तोंड वाकडं करत.

"मी वाचलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बोर्डावर. ट्रे न्यायला आले तेव्हा. पन्नास लिहिलेलं दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"का बोलू?" तिने शेवटी पाण्याची बाटली माझ्या हातातून घेतली. "तीन शिकलेले पुरुष एकमताने पन्नास म्हणतायत. म्हटलं, असू दे. परत कोण म्हणणार आहे?"

आम्ही दोघं त्या पेटीला टेकून उभे राहिलो. गाडी समोर उभी होती, सुंदर, बुटकी, निरुपयोगी. घर लांब होतं आणि जायला तीच होती. परतीचा सगळा रस्ता मी रिक्षाच्या वेगाने, रस्त्याच्या कडेकडेने कापला. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. ती एकही शब्द बोलली नाही. सुट्टी संपल्यावर होस्टेलवर सोडायला येणाऱ्या बापासारखं मला वाटत होतं. नेऊन पोचवायचं, आणि मग परत एकट्याने यायचं.

घरी तिने गरम पाण्याची पिशवी घेतली आणि आठवडाभर दूध आणि गार्बेज. हेल्मेट तिने कोट-कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, जिथे माझा हात पोचत नाही. मी रोज ते कपाट उघडून बघायचो आणि बंद करायचो. गाडी विकायची जाहिरात मनात लिहून झाली होती.

मग एका सकाळी ती फोन घेऊन बॅकयार्डमध्ये गेली आणि जाताना काचेचं दार बंद करून घेतलं. बाहेर फिरत, बोगनवेलीशी बोलल्यासारखी बोलत होती. आत येऊन म्हणाली, "तो माणूस चांगला आहे. नवी स्प्रिंग पाठवतोय. मी त्याला खरं सांगितलं."

"किती?"

तिने माझ्याकडे बघितलं. "ते माझ्यात आणि स्प्रिंगमध्ये."

तो आकडा मला आजही माहीत नाही. टेक्सासमध्ये तो ऐकलेली एकच गोष्ट आहे, बोगनवेल, आणि ती त्या वर्षी जरा जास्तच फुलली.

नवी स्प्रिंग बसली. समितीला बोलावलं नाही. तिने सांगितलं होतं, पत्ते खेळणाऱ्यांना नको. पुन्हा एक रविवार, पुन्हा तेच रूळ. मी डोळे मिटायचेच काय ते बाकी होते. गाडी खाली गेली, हळूच वर आली, जणू कुणी मांडीवर घेतलं आणि उतरवलं. आवाज नाही. मी कान देऊन वाट बघत होतो.

"हं," ती म्हणाली. मी गार पडलो. "तर आचारी पळाला ना, तेव्हा मावशी स्वतः कढईसमोर बसली. शालू नेसून."

म्हणजे कंबरेचं भागलं. पण आधी म्हटलं ना, इंच एकच आहे. खरी स्प्रिंग दोघांसाठी आहे. मी एकटा बसलो की ती मला ओळखतच नाही. जराही दबत नाही. नागपूरकर म्हणाला, स्प्रिंगचा नॉब फिरव, सैल कर. तो नॉब मी सैल करून करून त्याचे सगळे आटे संपवले, पण एकट्याने बसलो की मी पुन्हा चवड्यांवर. ती मागे बसते, गाडी एक सुस्कारा टाकते, खाली येते, आणि माझ्या टाचा टेकतात. ती उतरली की मी अधांतरी. हे तिला पहिल्याच दिवशी कळलं आणि तेव्हापासून ती घरात वेगळ्याच चालीने चालते. पूर्वी मी मनात आलं की उठून एकटा चक्कर मारायचो. आता मला कटिंगला जायचं तरी अर्ज करावा लागतो.

परवाची गोष्ट. हवा छान पडली होती, टेक्सासमध्ये वर्षातून मोजकेच येतात असा दिवस. मी गॅरेजचं दार उघडलं, हेल्मेट घातलं, गाडीवर बसलो, आणि उत्साहाच्या भरात स्टँडही वर घेऊन बसलो. मग आठवलं की मागे कुणी नाही. आता स्टँड परत लावायचा तर एक पाय उचलायला हवा, आणि चवड्यांवर उभ्या माणसाकडे पाय उचलायची सोय नसते. हाक मारली तर डिशवॉशर आणि टीव्ही ओलांडून आत पोचणार नाही. मी तसाच उभा. गाडी डावीकडे एक विचार करत होती, मी उजवीकडे एक.

तेवढ्यात कानात खर्रर्र झालं. मग तडतड. मोहरी. हिंगाचा वास तर मला ऐकू आला असं शपथेवर सांगतो. मिरची फोडणीला टाकताना ठसका लागतो म्हणून ही हल्ली हेल्मेट घालून फोडणी करते, काच खाली ओढून.

"अगं," मी म्हटलं, "येतेस का?"

"भाजी टाकलीये."

"माझे पाय..."

"माहितीये." तडतड. "कुठे जायचंय?"

"कुठेही."

मोहरी शांत झाली. झाकण ठेवल्याचा आवाज आला. माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या, आणि फ्रीझर पोक काढून माझ्याचकडे बघत होता.

"मंद आचेवर ठेवते," ती म्हणाली. "शिजेपर्यंत थांबा. हलू नका."